सर्जनशील मानसोपचार

सर्जनशील मानसोपचार : चित्र, मृत्तिकाशिल्प, संगीत, नृत्य, नाट्य, हस्तव्यवसाय इ. निर्मितिक्षम कृतींच्या द्वारा मनोरुग्णावर केले जाणारे उपचार. मानसोपचाराच्या बहुतेक पद्धतींत संभाषण हे मुख्य साधन असते. येथे मात्र कृती हे मुख्य साधन असून संभाषण तिच्या साहाय्यास येते. रुग्ण म्हणजे केवळ लक्षणांचा समूह नव्हे. शरीर, भावना, बुद्धी, श्रद्धा, कुटुंब व समाज यांनी मिळून घडलेली ती एक अखंड व्यक्ती होय, हे या उपचारांमागील गृहीतक आहे. या दृष्टीस साकल्यवादी दृष्टी म्हणतात. जॅन स्मट्स (१८७०–१९५०) यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने साकल्यवाद ही संज्ञा रूढ केली. पुढे मज्जाविकारतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइन यांनी, मेंदूला इजा झालेल्या सैनिकांच्या अभ्यासातून, तिला वैद्यकीय आशय प्राप्त करून दिला.

नागपूर येथे या उपचारपद्धतीचा इतिहास एका अर्थी फार जुना व दुसऱ्या अर्थी अगदी अलीकडचा आहे. मनोरुग्णाने बागेत खपावे, विणकाम करावे, भजन म्हणावे या गोष्टी एकोणिसाव्या शतकापासून हिंदुस्थानातील मनोरुग्णालयांत घडत आल्या आहेत. परंतु रुग्णाकडून काम करवून घेणे आणि रुग्णाला काही निर्माण करू देणे यांत मूलभूत भेद आहे. बाहेरून पाहता दोन्ही कृती सारख्याच दिसतात. त्या कोणाच्या गरजेपोटी घडतात, यावरून त्यांस उपचार म्हणावे की श्रम, हे ठरते. या भेदाची जाणीव हळूहळू कशी होत गेली, हाच प्रस्तुत इतिहासाचा मुख्य विषय होय.

पूर्वपीठिका : प्राचीन भारतीय वैद्यकात चरकसंहितेने उपचारांचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणे होय. औषधावाचून मनावर थेट उपचार करता येतात, ही कल्पना त्यात स्पष्टपणे आढळते. यूरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस मनोरुग्णांना साखळदंडांतून मुक्त करण्याची चळवळ सुरू झाली. पॅरिसमध्ये फिलिप पीनेल (१७४५–१८२६) व त्यांचे सहकारी पुसँ यांनी, तर इंग्लंडमधील यॉर्क येथे विल्यम ट्यूक (१७३२–१८२२) या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ मध्ये स्थापिलेल्या आश्रयस्थानात, सौजन्य, नियमित दिनक्रम आणि उपयुक्त काम यांवर भर दिला. यास ‘नैतिक उपचार’ असे नाव पडले. जॉन कॉनली यांनी १८३९ पासून हॅनवेल येथील मोठ्या सार्वजनिक इस्पितळात बंधनांचा वापर बंद करून दाखविला. मीशेल फूको यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात या चळवळीची वेगळी मीमांसा केली. साखळदंड गेले, तरी त्यांची जागा सततच्या देखरेखीने व अपराधभावनेने घेतली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. नैतिक उपचारांतील कामाविषयी आजही जी शंका घेतली जाते, तिचे मूळ या मीमांसेत आहे.

नागपूरचे मनोरुग्णालय : भोसल्यांचे नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर हे त्याच्या राजधानीचे शहर बनले. तत्पूर्वी १८५८ मध्ये वेड्यांच्या इस्पितळांसंबंधीचा कायदा हिंदुस्थानात लागू झाला होता. त्यानुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने व्यक्तीस अशा इस्पितळात ठेवता येई. नागपूरचे इस्पितळ १८६४ मध्ये स्थापन झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. मंजूर खाटा ९४० असलेले हे रुग्णालय, ठाणे, येरवडा (पुणे) व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह, महाराष्ट्र शासनाच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘पागलखाना’ हा शब्द दीर्घकाळ टिकून राहिला. रुग्णालयाजवळच्या चौकासही त्याच नावाने ओळखले जाते. संस्थेचे नाव बदलणे सोपे असते, तिच्याविषयीची भीती बदलणे अवघड असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील अशा इस्पितळांत रुग्णांना बागकाम, दळण, सूतकताई, विणकाम, दोर वळणे अशी कामे देत असत. काम हा उपचार आहे, ही नैतिक उपचारांची शिकवण वैद्यकीय अधिकाऱ्यांना माहीत होती. परंतु वार्षिक अहवालांत रुग्णांच्या श्रमापासून झालेल्या प्राप्तीचा हिशेबही मांडला जाई आणि इस्पितळाचा खर्च त्यामुळे किती कमी झाला, हे प्रशंसेने नमूद केले जाई. परिणामी जो रुग्ण चांगले काम करी, तो बरा होत असल्याचे मानले जाई. त्याच वेळी तो संस्थेला उपयोगी असल्यामुळे त्याला घरी पाठविण्याची निकडही कमी होई. उपचार व अर्थव्यवहार यांची ही गुंतागुंत त्या काळातील बहुतेक मोठ्या मनोरुग्णालयांत, यूरोपातही, आढळते.

रुग्णाची स्वतःची हकीकत या व्यवस्थेत जवळजवळ कोठेच नोंदली जात नसे, याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणी मिळतो. गांजा, भांग, चरस या मादक पदार्थांच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने ब्रिटिश हिंदुस्थानातील मनोरुग्णालयांत १८९२ या वर्षी दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे पुन्हा तपासली. ‘वेडाचे कारण’ या रकान्यातील नोंदी पुष्कळदा पोलिसांच्या ऐकीव माहितीवरून भरलेल्या असून त्या भरवशाच्या नाहीत, असे आयोगास आढळले. एकूण १,३४४ प्रकरणांपैकी केवळ ९८ प्रकरणांत या पदार्थांचा संबंध वाजवीपणे मानता येईल, असा निष्कर्ष १८९४ च्या अहवालात आहे. रुग्णास वेड का लागले, याचे उत्तर रुग्णावाचून इतर सर्वांनी दिलेले होते.

संत, समाज व वेड : कोणत्या वर्तनास वेड म्हणावे, याविषयी शासन व समाज यांची मते किती भिन्न असू शकतात, हे ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांच्या चरित्रावरून दिसते. कामठी येथे जन्मलेले व काही काळ सैन्यात नोकरी केलेले ताजुद्दीन यांना १८९२ मध्ये नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले. तेथे ते सुमारे सोळा वर्षे होते. या काळात त्यांची सत्पुरुष म्हणून ख्याती झाली आणि हिंदू व मुसलमान भाविक त्यांच्या दर्शनासाठी इस्पितळात येऊ लागले. अखेर १९०८ मध्ये राजे रघूजीराव भोसले यांनी त्यांची हमी घेऊन त्यांना शक्करदरा येथील आपल्या वाड्यात आणले. ताजबाग येथील त्यांची समाधी आज मोठे श्रद्धास्थान आहे. त्यांच्या आध्यात्मिक अधिकाराची मीमांसा हा येथील विषय नव्हे. परंतु ज्या व्यक्तीला शासकीय नोंदवहीत एक स्थान होते, तिला लोकांनी अगदी निराळे स्थान दिले आणि त्या स्थानामुळे तिला घर, सोबत व आदर लाभला, ही गोष्ट मानसोपचाराच्या इतिहासात अर्थपूर्ण आहे.

दर्गे, महानुभाव पंथाची मंदिरे व अन्य तीर्थस्थाने यांच्या आश्रयाने मनोरुग्णांवर उपचार करण्याची परंपरा महाराष्ट्रात प्रचलित आहे. मानवशास्त्रज्ञ व्हीडा स्कुल्टन्स यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास महाराष्ट्रातील अशाच एका महानुभाव मंदिराविषयीचा आहे. रुग्णाबरोबर कुटुंबातील व्यक्तीही, विशेषतः आई, मंदिरात राहते आणि त्याचे दुःख स्वतःकडे घेऊ पाहते, असे त्यांना आढळले. कुटुंबाचा सहभाग, सामूहिक गायन, नित्य सेवा व अंगातील आवेगाला मिळणारी वाट यांमुळे या स्थानांत साकल्यवादी उपचारांची काही अंगे सहजच आढळतात. तथापि साकल्यवादी म्हणजे आपोआपच मानवी, असे समजणे चुकीचे ठरेल. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. श्रद्धास्थानाच्या छायेतही बंधन हे बंधनच असते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

व्यवसायोपचार : विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कामाच्या उपचारमूल्याचा पुन्हा विचार सुरू झाला. १९१७ मध्ये तेथे व्यवसायोपचाराच्या प्रसारार्थ राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. मनोविकृतितज्ज्ञ अडोल्फ मायर (१८६६–१९५०) यांनी १९२२ मध्ये या उपचाराचे तत्त्वज्ञान मांडले. काम, खेळ, विश्रांती व झोप यांचा तोल बिघडणे हेच पुष्कळ मनोविकारांचे स्वरूप असून तो तोल प्रत्यक्ष कृतीनेच परत मिळविता येतो, हे त्यांच्या मांडणीचे सार होय. येथे प्रथमच, रुग्णास कोणते काम द्यावे याचा निर्णय संस्थेच्या गरजेवरून न घेता त्याच्या आवडीवरून व क्षमतेवरून घ्यावा, असा आग्रह धरला गेला.

भारतात या शास्त्राचा पाया कमला निंबकर यांनी घातला. जन्माने अमेरिकन असलेल्या व विवाहानंतर भारतात स्थायिक झालेल्या निंबकर यांनी फिलाडेल्फिया येथे व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले होते. त्यांच्या प्रयत्नाने १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू झाली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारताचा समावेश झाला. यानंतर १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचार शाळा व केंद्र सुरू झाले. विदर्भ १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता; त्यामुळे मुंबईत रुजलेली ही विद्याशाखा अल्पावधीत नागपुरास पोहोचली.

या शिक्षणक्रमात शरीररचना, मानसशास्त्र व मनोविकृतिविज्ञान यांच्या जोडीला विणकाम, सुतारकाम, वेतकाम, मातीकाम अशा हस्तव्यवसायांचाही समावेश असे. वर्ध्याजवळील सेवाग्राम येथून महात्मा गांधींनी १९३७ मध्ये मांडलेल्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीतही हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे माध्यम मानले होते. दोन्ही विचारांचे उगम भिन्न आहेत. परंतु हाताने काही घडविताना माणूस स्वतःही घडत असतो, ही कल्पना नागपूरच्या परिसरास त्यामुळे परकी वाटण्याचे कारण नव्हते. पुढील काळात अवयवांच्या हालचाली व मज्जासंस्थेचे पुनर्वसन यांकडे व्यवसायोपचाराचा अधिक कल झाला आणि हस्तव्यवसायांचे स्थान गौण होत गेले.

कलांद्वारे उपचार : कलाकृतींकडे रोगनिदानाचे नव्हे, तर अभिव्यक्तीचे साधन म्हणून पाहण्याची सुरुवात जर्मनीत झाली. हान्स प्रिन्सहॉर्न (१८८६–१९३३) यांनी हायडल्‌बर्ग येथे मनोरुग्णांच्या चित्रांचा मोठा संग्रह केला व १९२२ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये एड्रिअन हिल या चित्रकाराने क्षयरुग्णालयातील स्वतःच्या अनुभवावरून १९४२ मध्ये ‘कलोपचार’ ही संज्ञा योजिली. ब्राझीलमधील नीझी दा सिल्व्हेरा यांनी विद्युत्‌ आघात व मेंदूवरील शस्त्रक्रिया यांस नकार देऊन १९४६ पासून रीओ दे जानेरो येथील रुग्णालयात चित्रशाळा चालविली. तेथील कृतींचे संग्रहालय १९५२ मध्ये स्थापन झाले. व्हिएन्ना येथे उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग करणारे जेकब मोरेनो (१८८९–१९७४) यांनी अमेरिकेत मनोनाट्य ही पद्धती विकसित केली. तीत रुग्ण आपल्या जीवनातील प्रसंग गटासमोर साकार करतो. ‘भूमिकाबदल’ या तंत्रात तो, उदा., स्वतःच्या वडिलांची भूमिका घेतो व दुसरा सदस्य त्याची भूमिका घेतो. आपले वर्तन समोरून कसे दिसते, हे त्यामुळे रुग्णास कळते.

१९५२ मध्ये क्लोरप्रोमाझीन या औषधाचा मनोविकारांत वापर सुरू झाला आणि तीव्र लक्षणे आटोक्यात आणणे प्रथमच शक्य झाले. औषधांनी असंख्य रुग्णांना घरी जाण्याजोगे केले, हे निर्विवाद होय. परंतु घरी गेल्यावर दिवसभर करावयाचे काय, लोकांत मिसळावयाचे कसे, या प्रश्नांचे उत्तर औषधात नव्हते. सर्जनशील उपचारांची गरज औषधांमुळे संपली नाही, उलट ती अधिक स्पष्ट झाली.

महाराष्ट्रातील प्रयत्न : नागपूरच्या दक्षिणेस, वरोडा येथे बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी उभारलेले आनंदवन हे मनोरुग्णालय नव्हे. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी झाली. परंतु बहिष्कारामुळे खचलेले मन शेती, विणकाम व इतर उद्योगांतून पुन्हा उभे राहू शकते, आणि त्यासाठी श्रमाचे फळ व निर्णयाचा अधिकार श्रम करणाऱ्याकडे असावा लागतो, हे आनंदवनाने मोठ्या प्रमाणावर सिद्ध केले. ‘स्वरानंदवन’ हे तेथील कुष्ठमुक्त व अपंग कलावंतांचे संगीतपथक विकास आमटे यांच्या पुढाकाराने उभे राहिले. पुण्यात १९८६ मध्ये, येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात, मनोविकारतज्ज्ञ अनिता अवचट व लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गटचर्चेबरोबर संगीत, योग, खेळ व कला यांना तेथील दिनक्रमात स्थान मिळाले. पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये स्थापिलेल्या बापू ट्रस्ट या संस्थेने रुग्णालयाबाहेर, शहरातील गरीब वस्त्यांत मानसिक आरोग्याचे काम केले.

विदर्भाच्या दृष्टीने या पद्धतीचे विशेष महत्त्व भाषेत आहे. नागपूरच्या रुग्णालयात येणारा रुग्ण वऱ्हाडी, झाडीबोली, हिंदी किंवा गोंडी बोलणारा असू शकतो. प्रमाण भाषेतील प्रश्नोत्तरांत जो अबोल राहतो, तो खंजिरीच्या ठेक्यावर किंवा ओल्या मातीवर हात ठेवताच मोकळा होण्याची शक्यता असते. भजन, दंडार, खडीगंमत, झाडीपट्टीची रंगभूमी असे समृद्ध लोककलांचे भांडार या प्रदेशात आहे. परकीय तंत्रांचे केवळ अनुकरण करण्याऐवजी त्याचा उपयोग करणे अधिक फलदायी ठरेल.

परिणामकारकता : या उपचारांविषयी अवास्तव दावे केले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समालोचनात कला व आरोग्य यांवरील ३,००० हून अधिक अभ्यासांचा परामर्श घेऊन कलांचा आरोग्यास हातभार लागतो, असे म्हटले आहे. नेहमीच्या उपचारांस संगीतोपचाराची जोड दिल्यास अवसादाची लक्षणे अल्पकाळात कमी होतात, असे २०१७ च्या एका पद्धतशीर समीक्षेत आढळले. याउलट इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये छिन्नमानसाच्या ४१७ रुग्णांवर केलेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सामूहिक कलोपचारामुळे रुग्णांच्या एकूण कार्यक्षमतेत नेहमीच्या उपचारांहून अधिक सुधारणा झाल्याचे दिसले नाही. अनेक रुग्ण सत्रांस फारसे आलेच नाहीत. ही शेवटची बाब विचारात घेण्याजोगी आहे. निर्मितीची इच्छा आदेशाने किंवा वेळापत्रकाने उत्पन्न होत नाही. तीव्र मनोविकारांत हे उपचार औषधांना पर्याय नसून पूरक आहेत, असे मानणे योग्य होय.

विधिविषयक बाजू : १८५८ च्या कायद्यानंतर १९१२ चा कायदा आला. १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम १९९३ मध्ये अंमलात आला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील ३७ शासकीय मनोरुग्णालयांची पाहणी असून, त्यांपैकी अनेकांचे स्वरूप उपचारापेक्षा कोंडवाड्याचे राहिल्याचे निदर्शनास आणले होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २० व्या कलमानुसार रुग्णास सक्तीने काम करावयास लावता येत नाही आणि त्याने काम केल्यास त्याचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे. सक्तीचे मुंडण निषिद्ध आहे. स्वतःचे कपडे घालण्याचा तसेच करमणूक व शिक्षण यांच्या सोयी मिळण्याचा हक्कही त्याच कलमात नमूद आहे.

एकोणिसाव्या शतकातील अहवालांत रुग्णाच्या श्रमाचे मोल संस्थेच्या जमेस धरले जाई. या कायद्याने ते रुग्णाच्या जमेस धरले. सुमारे दीडशे वर्षांच्या या वाटचालीत माग, माती व सूर ही साधने तीच राहिली, त्यांवरील अधिकार मात्र बदलला. तो कागदावरून प्रत्यक्ष व्यवहारात किती उतरला, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे : रुग्णालयात विणलेली सतरंजी कोणत्या रंगांची असावी, हे कोण ठरवितो, आणि ती विणून झाल्यावर विणणाऱ्याला घरी जाता येते की नाही.